प्रबंध का रखडतो, आणि तारखेआधी संपवायचा कसा

पीएच.डी. अडते ती बहुतेकदा लिहायला बसल्यावर. फील्डवर्क झालेलं असतं, मुलाखती उतरवून काढलेल्या असतात, तक्ते एक्सेलमध्ये तयार असतात, कोर्सवर्कचं प्रमाणपत्र फायलीत लागलेलं असतं. तरी प्रकरणाची फाइल उघडली की दहाव्या मिनिटाला ती बंद झालेली असते. मार्गदर्शकांनी ‘कुठवर आलं?’ विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘सर, चालू आहे.’

सबमिशनला साधारण सहा महिने उरलेत, नोकरी आणि घर सांभाळून लिहायचंय आणि ‘मूडच लागत नाही’ ही तक्रार आहे, अशांसाठी हा लेख. आमचं म्हणणं एवढंच की मूड काम कसं मांडलंय त्यावर येतो आणि जातो. त्यामुळे स्वतःला दूषणं देण्यापेक्षा कामाची मांडणी बदललेली बरी. दूषणं देऊन एकही पान वाढत नाही, उलट फाइलची धास्ती तेवढी वाढते.

मन का पळतं

कॅलगरी विद्यापीठातले पीअर्स स्टील यांनी २००७ साली टाळाटाळीवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यातून निघणारा हिशेब साधा आहे. काम आपल्याला जमेल ही खात्री आणि त्यातून काहीतरी मोलाचं मिळेल ही अपेक्षा, या दोन गोष्टी वाढल्या की काम करावंसं वाटतं. फळ लांब असेल आणि मन चटकन दुसरीकडे वळणारं असेल, तर ती इच्छा कमी होते. आता प्रबंध या मापाने मोजून बघा. एवढं मोठं लिखाण आधी कधी केलेलं नसतं, म्हणून खात्री कमी. पदवी, पदोन्नती, नावापुढचं ‘डॉ.’ हे सगळं दोन वर्षांनंतरचं. आणि मोबाइल मात्र हाताशी. या मापात प्रबंध बहुतेक बाजूंनी मार खातो. शेवटच्या महिन्यात लोक एकदम रात्री जागून लिहू लागतात, तेव्हा त्यांचा स्वभाव बदललेला नसतो. फळाचं आणि शिक्षेचं अंतर कमी झालेलं असतं, एवढंच.

दुसरी गोष्ट टिमथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉइस हे मानसशास्त्रज्ञ मांडतात: टाळाटाळ हा वेळेच्या नियोजनापेक्षा मनाच्या अवस्थेचा प्रश्न आहे. फाइल उघडली की अस्वस्थ वाटतं, बंद केली की हायसं वाटतं. ते हायसं वाटणं हेच बक्षीस ठरतं, आणि बक्षीस मिळालेली कृती माणूस पुन्हा करतो. प्रबंध लिहिणारे लोक हुशार असल्यामुळे ही कृती रिकामटेकडी दिसणार नाही याचीही काळजी घेतात. अजून एक लेख डाउनलोड करायचा, संदर्भसूचीतले स्वल्पविराम नीट करायचे, मुखपृष्ठाचा फॉन्ट बदलून बघायचा. दिवसभर काम केल्यासारखं वाटतं आणि प्रकरण जिथल्या तिथे असतं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: या प्रकरणात नेमकं कुठे पोचलं की जीव नको होतो? उत्तर ‘सगळीकडेच’ असं कधीच नसतं. बहुतेक वेळा तीनपैकी एक जागा निघते, आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

पहिली जागा: आकडे गृहीतकाच्या बाजूने बोलत नाहीत. समजा विषय आहे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचं हंगामी स्थलांतर आणि मुलांचं शिक्षण. गृहीतक असं होतं की साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी कारखान्याजवळ चालवलेली शाळा, जवळ असली तर मुलांची शाळा सुटत नाही. तक्ता मात्र सांगतोय की फरक नगण्य आहे. संशोधकाला वाटतं, इतकी वर्षं फुकट गेली. प्रत्यक्षात ‘गृहीतक टिकले नाही’ हा पूर्ण सन्मानाचा निष्कर्ष आहे आणि व्हायवाला, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेत, परीक्षक त्यावर चर्चा करायला उत्सुकच असतात. खुर्चीत बसून थेट एक वाक्य लिहायचं: ‘प्रस्तुत नमुन्यात हे गृहीतक टिकत नाही.’ पुढचे चार परिच्छेद त्याच्या कारणांचे. हंगाम ऐन शाळेच्या सत्रात येतो, धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठी मुलगी कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) थांबते, अशी कारणं तुमच्याच मुलाखतींत पडलेली असतात.

दुसरी जागा: एखादं महत्त्वाचं पुस्तक किंवा अहवाल वाचलेला नाही आणि त्याची बोच आहे. ती दोन तासांत मिटते. प्रस्तावना, पद्धती, आपल्या विषयाशी जुळणारं एक प्रकरण आणि निष्कर्ष, एवढं वाचायचं, एक पान टिपणं काढायची आणि पुस्तक मिटायचं. दोन तासांचा गजर लावलाच पाहिजे. नाहीतर त्या पुस्तकाच्या तळटीपांतून आणखी सहा पुस्तकं निघतात.

तिसरी जागा सर्वांत अवघड: मार्गदर्शकांचं मत वेगळं आहे आणि ते अंगावर येईल याची भीती. इथे चाळीस पानं लिहून मग दाखवणं हा मोठा तोट्याचा व्यवहार. एका पानावर दोन पर्याय लिहा, प्रत्येकाच्या बाजूने तीन-तीन ओळी, आणि ते पान घेऊन भेटा. पंधरा मिनिटांच्या बोलण्यात जे सुटतं, ते टाळून लोक सेमिस्टर घालवतात.

तारीख मागून मोजायची

आपला अंदाज चुकतो हे सगळ्यांना माहीत असतं, किती चुकतो हे नसतं. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांचा १९९४ सालचा एक अभ्यास इथे अगदी चपखल बसतो, कारण त्यात प्रबंधिकाच लिहिणारे मानसशास्त्राचे विद्यार्थी होते. काम किती दिवसांत होईल, असं विचारल्यावर त्यांचं सरासरी उत्तर ३३.९ दिवस आलं. ‘सगळं बिघडलं तर?’ या प्रश्नाला ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे सगळं बिघडण्याचा अंदाजही कमी पडला. कारण असं की अंदाज करताना माणूस डोळ्यांपुढे काम आणतो, मध्ये येणारं आजारपण, पाहुणे आणि मीटिंगा आणत नाही.

म्हणून पुढे बघून ‘होईल’ म्हणण्याऐवजी सबमिशनच्या तारखेपासून मागे मोजत यायचं. तारीख ३१ मार्च आहे आणि आज १ ऑक्टोबर आहे असं धरू. हाताशी २६ आठवडे. आता मागून वजा करा. विद्यापीठात अर्ज, फी, ना-देय प्रमाणपत्रं, सह्या यासाठी एक आठवडा. इथे एक सही राहिली तर माणूस चार दिवस अडकतो. छपाई आणि बाइंडिंगला एक. साम्य-तपासणी (मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो हे सॉफ्टवेअरने बघणं) आणि त्यानंतरची दुरुस्ती यांना एक. पूर्व-सादरीकरण, म्हणजे ज्याला सगळे प्री-सबमिशन म्हणतात, त्यात आलेल्या सूचना घालायला तीन. त्या सादरीकरणाची तारीख जुळायला दोन, कारण संशोधन सल्लागार समितीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी वेळ असणं हा योग असतो. मार्गदर्शकांना शेवटची प्रकरणं वाचायला दोन. सगळी प्रकरणं एका फायलीत आणून तक्त्यांचे क्रमांक, तळटीपा, संदर्भसूची जुळवायला दोन. बेरीज बारा. लिहायला उरले चौदा आठवडे. ३१ मार्चची तारीख प्रत्यक्षात जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली आहे.

काही विद्यापीठांत प्रबंधाआधी सारांश-आराखडा वेगळा जमा करावा लागतो आणि परीक्षकांची नावं त्यावरून ठरतात. तसं असेल तर तीही तारीख याच कागदावर हवी. पीएच.डी. विभागातल्या लिपिकाला गाठून ‘सबमिशनच्या दिवशी कायकाय लागतं?’ ही यादी आजच घ्या. संकेतस्थळावरची यादी आणि खिडकीवरची यादी दर वेळी एकच असते असं नाही.

आता शब्दांचा हिशेब. समजा पूर्ण प्रबंध ५५,००० शब्दांचा होणार आहे, त्यातले १८,००० कच्च्या रूपात आहेत. उरले ३७,०००. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाला आठवड्यातले पाच दिवस दोन-दोन तास मिळतात असं धरू, म्हणजे दहा तास. संदर्भ देत देत लिहिताना तासाला ३०० शब्द हा कामचलाऊ वेग आहे. तुमचा स्वतःचा वेग तीन बैठका मोजून काढा आणि तोच आकडा वापरा. दहा तासांचे ३,००० शब्द. त्यातला एक तृतीयांश पेपर तपासणी, नॅकची (कॉलेजच्या मूल्यांकनाची) मीटिंग, कोणाचं तरी लग्न आणि घरातला ताप यांना जातो. आठवड्याला २,००० हाती लागले. चौदा आठवड्यांत २८,०००. तूट ९,००० शब्दांची.

मूड न लागण्याचं मोठं कारण ही तूट आहे. हिशेब जुळत नाही हे आत कुठेतरी कळत असतं, कागदावर मात्र कधी आणलेलं नसतं. आणलं की पर्याय दिसतात. पूर्वसंशोधनाचा आढावा १४,००० शब्दांचा होणार होता, तो ९,००० वर आणता येतो. ‘अमुक (२०११) म्हणतात, तमुक (२०१४) म्हणतात’ अशी हजेरी घेण्याऐवजी चार मुद्दे ठरवून प्रत्येकाखाली कोण कुठे उभं आहे ते लिहिलं की आढावा आपोआप आटोपशीर होतो, आणि परीक्षकांनाही तोच आवडतो. पाच हजार तिथे सुटले. उरलेले चार हजार दिवाळीच्या सुट्टीत: आठ दिवस, रोज चार तास, म्हणजे ३२ तास. तीच एक तृतीयांश कपात धरली तरी ६,४०० शब्द होतात, आणि एरवी त्या आठवड्यात होणारे २,००० वजा केले तरी ४,४०० जास्तीचे. घरच्यांना हे आधी सांगावं लागतं. फराळाच्या ऐन धामधुमीत ‘मला लिहायचंय’ म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही आणि ऐकूही नये.

एवढं करूनही तूट राहिली तर पगारी किंवा बिनपगारी रजा, नाहीतर व्याप्ती कमी करणं. व्याप्तीचा निर्णय मार्गदर्शकांबरोबर, आणि पहिल्या महिन्यातच.

दोन तासांत करायचं काय

‘प्रकरण ४ लिहिणे’ हे काम डायरीत असेल तर त्या दिवशी काहीच होत नाही. ते काम नाही, शीर्षक आहे. दोन तासांत संपेल आणि संपलं की नाही हे तिऱ्हाइतालाही सांगता येईल, इतकं ते बारीक करावं लागतं. वरच्याच विषयावरची एक चिठ्ठी अशी असेल:

‘तक्ता ४.२ (हंगामात शाळा सुटलेली मुलं, तालुकावार) याखाली तीन परिच्छेद. पहिला: एकूण काय दिसतं. दुसरा: शिरूर कासार आणि पाटोद्याचे आकडे इतरांपेक्षा वेगळे का. तिसरा: मुलाखत क्र. १७ मधलं आईचं वाक्य आणि त्याचा अर्थ.’

अशी चिठ्ठी हातात असताना बसलं तर सुरुवात कशी करायची हा प्रश्नच उरत नाही. ती आदल्या दिवशीची बैठक संपताना लिहायची, कारण त्या वेळी डोकं प्रकरणात असतं. दुसऱ्या दिवशी थंड डोक्याने ती लिहायला गेलं तर अर्धा तास तिथेच जातो. काही जण परिच्छेद मुद्दाम अर्धवट सोडून उठतात. पुढचं वाक्य माहीत असताना थांबलं की दुसऱ्या दिवशी हात लगेच चालतो.

लिहिताना माहिती तपासायला थांबायचं नाही, हा नियम कटाक्षाने पाळावा लागतो. एखादं साल आठवत नाही म्हणून ब्राउझर उघडला की परत यायला पाऊण तास लागतो. त्याऐवजी मराठीत सहसा कुठेच येणार नाही अशी अक्षरं टाकून पुढे जा. उदाहरणार्थ: ‘शिरूर कासार तालुक्यातून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांपैकी ठठठ टक्के कुटुंबं मुलांना सोबत नेतात.’ आठवड्यातून एकदा ‘ठठठ’ शोधायचे आणि सगळे एका बैठकीत भरायचे. हे काम थकलेल्या संध्याकाळीही होतं, म्हणून त्यासाठी ताजी सकाळ खर्चू नये.

प्रकरणांचा क्रम छापील अनुक्रमणिकेप्रमाणे ठेवणं हाही रखडण्याचा हमखास मार्ग आहे. प्रस्तावना आधी लिहायला घेतली तर ती चार वेळा बदलावी लागते, कारण आपण काय सिद्ध केलंय हे अजून ठरलेलं नसतं. विश्लेषणाची प्रकरणं आधी घ्या, तिथे तक्ते आणि मुलाखती आधाराला असतात. मग संशोधन पद्धती. तिचा निम्मा मजकूर नोंदणीच्या वेळच्या आराखड्यात असतोच, फक्त काळ बदलायचा असतो: ‘नमुना निवडण्यात येईल’ चं ‘नमुना निवडला’. हे करताना एक सापळा आहे. आराखड्यात ३०० कुटुंबं म्हटलं होतं आणि प्रत्यक्षात २६४ मिळाली, तर जुना आकडा तसाच राहून जातो आणि व्हायवाला नेमका तोच पकडला जातो. पद्धतीनंतर आढावा, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना शेवटी.

आता वेळ. ‘रोज लिहीन’ हा संकल्प चालत नाही, ‘अमुक झालं की अमुक करीन’ हा चालतो. पीटर गोलविट्झर आणि व्हेरोनिका ब्रँडश्टेटर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात जर्मन विद्यार्थ्यांना नाताळच्या संध्याकाळीबद्दल एक टिपण ठरावीक मुदतीत लिहून पाठवायचं होतं. कुठे बसून, नेमकं कधी लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवून ठेवलं होतं, त्यांच्यात वेळेत पाठवणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. सगळ्यांची इच्छा होतीच. फरक पडला तो जागा आणि वेळ ठरल्याने. ‘रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, की आतल्या खोलीतल्या टेबलावर चिठ्ठी उघडीन’ हे वाक्य ‘रात्री लिहीन’ पेक्षा कितीतरी पटीने उपयोगी आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. सायलेंटवर उलटा ठेवलेला फोन टेबलावर असला तरी मन त्यातच असतं.

घरात टेबल किंवा शांतता नसेल तर स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठीच्या अभ्यासिकेत महिन्याची जागा घ्या. पुण्यातच नाही, आता तालुक्याच्या गावीही त्या झाल्या आहेत. पंचवीस जण मान खाली घालून बसलेले असताना रील बघायची लाज वाटते. त्या लाजेसाठी महिन्याची फी स्वस्तच.

दोन तास सलग मिळत नसतील तर? पंचेचाळीस मिनिटंही पुरतात, फक्त ती रोज हवीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या लिहिण्याच्या सवयींचा बरीच वर्षं अभ्यास केला. मूड येईल तेव्हा लांबलचक बैठक मारणाऱ्यांपेक्षा थोडं-थोडं पण ठरलेल्या वेळी लिहिणाऱ्यांची पानं जास्त झाली, आणि नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. चार दिवसांच्या खंडानंतर फाइल उघडणं किती जड जातं हे प्रत्येकाने अनुभवलेलं असतं. मागचं सगळं वाचून पुन्हा संदर्भात यायलाच तास जातो. ज्या दिवशी खरोखर जमत नाही, त्या दिवशी नुसती फाइल उघडून शेवटचा परिच्छेद वाचा, एक वाक्य दुरुस्त करा आणि बंद करा. दहा मिनिटांचं काम, पण खंड पडत नाही.

साक्षीदार आणि मार्गदर्शक

स्वतःला दिलेली तारीख मोडायला काही लागत नाही. दुसऱ्याला दिलेली मोडायला निदान फोन करावा लागतो. बरोबरच्या एका संशोधक मित्राशी किंवा मैत्रिणीशी एवढंच ठरवा: रोज रात्री दहाला आज किती शब्द झाले तो आकडा पाठवायचा. कारणं नकोत, शाबासकी नको, फक्त आकडा. शून्य असेल तर शून्य. मोठे ग्रुप इथे कामाचे नाहीत. आठवड्याभरात तिथे सुप्रभातचे फोटो सुरू होतात.

मार्गदर्शकांकडे अख्खा प्रबंध एकदम नेऊन टाकू नये. एकेक प्रकरण पाठवलं तर तुमच्या चौदा आठवड्यांत त्यांचं वाचनही समांतर चालतं. पाठवताना ‘सर, बघून घ्या’ एवढंच लिहिलं तर प्रकरण महिनाभर तसंच पडून राहतं, कारण काय बघायचं ते वाचणाऱ्याला कळत नाही. असा निरोप जास्त काम करतो:

‘सर, नमस्कार. प्रकरण ४ मेलवर पाठवलं आहे, ३८ पानं. तीन ठिकाणी आपलं मत हवं होतं: पान ९ वरचं वर्गीकरण, पान २१ वरचा तक्ता ठेवावा की परिशिष्टात न्यावा, आणि शेवटच्या दोन परिच्छेदांत निष्कर्ष जास्त ताणला गेलाय का. शुद्धलेखन मी शेवटी एकदम तपासणार आहे. १८ तारखेला दुपारी विभागात आलो तर चालेल का?’

यात प्रश्न ठरलेले आहेत आणि भेटीचा दिवसही. उत्तर आलं नाही तर दहाव्या दिवशी नम्रपणे आठवण करायला हरकत नाही. तोवर पुढच्या प्रकरणाला हात घातलेला असावा. ‘सरांनी अजून चौथं दिलं नाही’ म्हणून पाचवं थांबवणं हे आपल्याच टाळाटाळीचं सोयीस्कर कारण असतं. लाल खुणांनी भरलेली प्रत परत आली की लगेच दुरुस्त्यांना बसू नका. आधी सूचनांचे तीन गठ्ठे करा: पाच मिनिटांत होणाऱ्या, एक बैठक लागणाऱ्या, आणि ज्यांवर बोलावं लागेल अशा. पहिला गठ्ठा सहसा सर्वांत मोठा निघतो.

शेवटच्या आठवड्यांत जे हमखास बिघडतं

फॉन्ट. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये प्रबंध टाइप झाला असेल तर साम्य-तपासणीच्या सॉफ्टवेअरला तो मराठी म्हणून वाचताच येत नाही, आणि पीडीएफमध्ये शोधही लागत नाही. कन्व्हर्टरने बदलता येतो, पण रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी जागा सोडतात आणि प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. हे काम शेवटच्या आठवड्यात अंगावर घेऊ नये. टायपिस्टकडून करून घेत असाल तर पहिल्याच दिवशी युनिकोडची अट घाला. प्रकरण, उपशीर्षक यांना वर्डमधल्या ठरलेल्या हेडिंग-शैली द्या, अनुक्रमणिका आपोआप तयार होते. हाताने टाइप केलेल्या अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे छपाईच्या आदल्या रात्री चुकतात, हे ठरलेलंच.

साम्य. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्क्यांत वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे या मोजणीतून वगळतात. टक्केवारी फुगते ती व्याख्या, कायद्याची कलमं आणि योजनांची माहिती संकेतस्थळावरून जशीच्या तशी घेतल्यामुळे. तिथे अवतरणचिन्हं तरी घाला नाहीतर स्वतःच्या शब्दांत लिहा. शब्दांना प्रतिशब्द ठेवून वाक्य तसंच ठेवलं तर सॉफ्टवेअर कदाचित फसेल, परीक्षक फसत नाहीत. एआय साधनं अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि लेख बिनदिक्कत संदर्भ म्हणून देतात, त्यामुळे स्वतः पाहिलेला नाही असा एकही संदर्भ सूचीत नको.

प्रती. लॅपटॉपवर एक, ड्राइव्हवर एक, पेनड्राइव्हवर एक, आणि फाइलच्या नावात तारीख. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ अशा तीन फायली असल्या की बाइंडिंगला हमखास चुकीची जाते.

झोप. शेवटच्या तीन आठवड्यांत रात्री जागून नवा मजकूर लिहिण्यापेक्षा सहा तास झोपून तपासणी केलेली परवडते. थकलेल्या डोळ्यांना तळटीप क्रमांक ४३ आणि ३४ सारखेच दिसतात.

तारीख खरंच गाठता येत नसेल तर

नोव्हेंबर २०२२ च्या यूजीसी नियमावलीत प्रवेशापासून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं दिली आहेत. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. स्त्री संशोधकांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. तुमचा प्रवेश आधीच्या नियमावलीखाली झाला असेल तर गणित वेगळं असू शकतं, म्हणून नोंदणीपत्र काढून बघा. मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी, मार्गदर्शकांच्या शिफारशीसह आणि किती काम झालंय याच्या तपशिलासह गेला पाहिजे. मुदत संपल्यावर केलेल्या अर्जाला विनवणीचं रूप येतं.

डिसेंबरअखेर ३२,००० पैकी १५,००० शब्दही झाले नसतील, तर तेव्हाच अर्ज तयार करा आणि लिहिणं चालू ठेवा. मुदतवाढ मिळाली की पहिल्या महिन्यात लोक हुश्श करून फाइल बंद ठेवतात, आणि सहा महिन्यांची वाढ पाचच महिन्यांची होते. त्यामुळे वाढीव तारीख मिळाल्याच्या दिवशी पुन्हा तोच मागून मोजण्याचा कागद करायचा.

आणि सबमिशन झालं तरी टिपणं, भरलेल्या प्रश्नावल्या, मुलाखतींची रेकॉर्डिंग आणि ती चिठ्ठ्यांची वही रद्दीत घालू नका. परीक्षकांचे अहवाल येऊन व्हायवा होईपर्यंत काही महिने जातात. त्या दिवशी कोणीतरी तक्ता ४.२ वर बोट ठेवून ‘हा आकडा कुठून आला?’ असं विचारतंच.